धडाच्या स्नायुबलाचे पुनःस्थापन

इजा, शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळची निष्क्रियता यांमुळे दुर्बल झालेल्या धडाच्या स्नायूंचे बल, तग धरण्याची क्षमता व परस्परांतील सुसूत्रता साध्या आणि क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या हालचालींच्या साहाय्याने पूर्ववत करण्याची प्रक्रिया. हा भौतिकी चिकित्सेचा एक महत्त्वाचा भाग आहे. व्यायामशाळांतून या स्नायुसमूहास ‘कोअर’ हे इंग्रजी नाव रूढ झाले आहे. धडाच्या इजांपैकी कटिभागाच्या म्हणजे कमरेच्या इजा सर्वांत अधिक आढळतात. २०२० साली जगात सु. ६१ कोटी ९० लाख लोकांना कटिशूलाचा त्रास होता, असा अंदाज आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे कटिभागाच्या इजेनंतरचे पुनःस्थापन विचारात घेतले आहे. वेदना थांबणे आणि बल परत येणे या दोन भिन्न घटना असून पहिली घडली म्हणजे दुसरी आपोआप घडतेच असे नाही, हे या विषयातील मूलभूत तथ्य होय.

शारीर रचना : धडाच्या मध्यभागातील स्नायूंची रचना एखाद्या पेटीसारखी कल्पिता येते. छाती व उदर यांना विभागणारे मध्यपटल हे या पेटीचे झाकण, श्रोणितलाचे स्नायू हा तळ, उदराचे स्नायू या पुढील व बाजूच्या भिंती आणि पाठीचा कणा व त्यास लागून असलेले स्नायू ही मागील भिंत होय. उदराच्या भिंतीत एक उभा सरळ स्नायू, बाह्य व आंतर असे दोन तिरपे स्नायू आणि सर्वांत आत आडवा उदरस्नायू असतो. आडवा उदरस्नायू कमरपट्ट्याप्रमाणे उदराभोवती गुंडाळलेला असून मागे कटिभागातील जाड प्रावरणीस (स्नायूंवरील तंतुमय आवरणास) जोडलेला असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंस मणक्यामणक्याला चिकटलेले आखूड बहुशाखी स्नायू असतात आणि त्यांच्या बाहेरील बाजूस लांब पल्ल्याचे पृष्ठस्नायू असतात. नितंबाचे मोठे स्नायू या पेटीचा भाग नसले, तरी वाकणे, उठणे व चढणे या क्रियांत तिचा भार ते वाटून घेतात.

कार्य : धडाच्या स्नायूंचे दैनंदिन कार्य हालचाल घडवून आणण्यापेक्षा नको असलेली हालचाल रोखणे हे अधिक असते. मृतदेहातून स्नायुरहित स्थितीत काढलेला कटिभागाचा कणा उभा ठेवून त्यावर भार दिल्यास तो सु. ९० न्यूटन, म्हणजे अवघ्या ९ किग्रॅ. वजनाएवढ्या भाराखाली वाकून कोलमडतो, असे प्रयोगांत आढळले आहे. जिवंत माणसात हाच कणा शरीराचे सु. निम्मे वजन दिवसभर पेलतो आणि त्यावर ओझेही वाहतो. नौकेची डोलकाठी जशी चहूबाजूंच्या ताणलेल्या दोरांमुळे उभी राहते, तसा कणा सभोवतालच्या स्नायूंच्या समतोल ताणामुळे स्थिर राहतो. येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी यांनी १९९२ साली या स्थैर्याचे तीन घटक मांडले : (१) मणके, चकत्या व अस्थिबंध यांचा निष्क्रिय घटक, (२) स्नायूंचा सक्रिय घटक आणि (३) या दोहोंचे नियंत्रण करणारा तंत्रिका घटक. यांपैकी एक घटक दुबळा झाल्यास इतर दोघांना त्याची उणीव काही मर्यादेपर्यंत भरून काढता येते. चकती किंवा अस्थिबंध यांची इजा पूर्णपणे भरून आली नाही, तरीही व्यायामाने लाभ का होतो, याचे स्पष्टीकरण या मांडणीतून मिळते.

या कार्यासाठी फार मोठे बल लागत नाही. नेहमीच्या कामांत कणा स्थिर राखण्यास स्नायूंच्या कमाल बलाचा अल्पसा अंश पुरतो. परंतु तो योग्य क्षणी व पुरेसा वेळ उपलब्ध व्हावा लागतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी स्नायुविद्युत् आलेखनाच्या साहाय्याने केलेल्या व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, निरोगी व्यक्तीने हात झटकन उचलला, तर खांद्याच्या स्नायूच्याही किंचित आधी आडवा उदरस्नायू आकुंचन पावतो. याचा अर्थ असा की, हाताच्या हालचालीने धडाला बसणारा हिसका येण्यापूर्वीच शरीर त्याची तयारी करते. कटिशूलाच्या रुग्णांत मात्र हे आकुंचन विलंबाने झाल्याचे आढळले.

इजेचे परिणाम : कटिभागास इजा झाल्यावर स्नायूंत दोन प्रकारचे बदल घडतात. वरवरचे मोठे स्नायू आखडून भाग जखडून टाकतात. हा शरीराचा तात्पुरता बचाव असतो. त्याच वेळी खोलवरच्या स्नायूंना मिळणारे तंत्रिका-आवेग मंदावतात आणि त्यांची अपपुष्टी (आकारमान व शक्ती घटणे) सुरू होते. ज्यूली हाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमांवरून १९९४ साली असे दाखविले की, एका बाजूच्या तीव्र कटिशूलात त्याच बाजूचा बहुशाखी स्नायू दुखऱ्या मणक्याच्या पातळीवर बारीक झालेला असतो. पहिल्यांदाच कटिशूल झालेल्या ३९ रुग्णांच्या त्यांच्या पुढील अभ्यासात (१९९६) बहुतेकांच्या वेदना चार आठवड्यांत थांबल्या. परंतु ज्यांना विशिष्ट व्यायाम दिला नव्हता, त्यांचा हा स्नायू दहा आठवड्यांनंतरही पूर्ववत झालेला नव्हता. पुढील वर्षभरात व्यायाम केलेल्या गटातील ३० टक्के, तर व्यायाम न केलेल्या गटातील ८४ टक्के रुग्णांना कटिशूल पुन्हा उद्‌भवला. रुग्णसंख्या लहान असल्याने या आकड्यांवरून व्यापक निष्कर्ष काढता येत नसले, तरी वेदनारहित स्थिती म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे, ही गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. वेदना थांबताच नांगरट, भातलावणी, हमाली किंवा पाणी वाहणे अशा कामांना पूर्ववत लागणाऱ्या व्यक्तीचा कणा अपुऱ्या आधारावरच भार पेलत असतो.

विश्रांती व हालचाल यांविषयीची मते : स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन करून रोगोपचारासाठी पद्धतशीर हालचालींचा पुरस्कार केला. याउलट इंग्लंडमधील अस्थिवैद्य ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांनी सक्तीची, अखंड व दीर्घ विश्रांती हा उपचाराचा आधार मानला आणि या मताचा प्रभाव विसाव्या शतकातही टिकून राहिला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना लवकर कार्यक्षम करण्याची निकड निर्माण झाल्यावर दृष्टिकोन पालटू लागला. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लूटव्हिख गुटमान यांनी १९४४ पासून मेरुरज्जूस इजा झालेल्या सैनिकांना निकामी न मानता शिल्लक स्नायूंच्या बलावर बसणे, तोल सांभाळणे व खेळणे शिकविले. अमेरिकन लष्करी वैद्य टॉमस डेलॉर्म यांनी १९४५ साली क्रमवर्धी भाराच्या व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली.

साध्या कटिशूलातील शय्याविश्रांतीची प्रत्यक्ष परीक्षा त्यानंतर झाली. रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखविले की, सात दिवसांच्या विश्रांतीचा दोन दिवसांच्या विश्रांतीहून अधिक लाभ होत नाही; उलट कामावरील गैरहजेरी तेवढी वाढते. हेल्सिंकी येथील १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात (१९९५) वेदना सोसेल इतपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण सर्वांत लवकर बरे झाले. शय्याविश्रांती घेणारेच नव्हे, तर आरंभापासून पाठीचे खास व्यायाम करणारेही त्यांच्या मागे राहिले. म्हणून पहिल्या काही दिवसांत चालणे, कूस बदलणे व हलकी घरकामे एवढेच पुरेसे मानले जाते. बलवर्धक हालचालींचा आरंभ तीव्र वेदना ओसरू लागल्यानंतर करतात.

मूलभूत हालचाली : पुनःस्थापनासाठी वापरण्यात येणाऱ्या हालचालींना यंत्रे वा वजने लागत नाहीत. त्यांचा क्रम साधारणपणे अर्भकाच्या वाढीतील क्रमाशी जुळतो : प्रथम उताणे निजणे, मग कुशीवर वळणे, रांगणे, गुडघ्यांवर येणे आणि शेवटी उभे राहणे. प्रत्येक पायरीवर शरीराचा टेकू कमी होत जातो व धडावरील जबाबदारी वाढते.

(१) उदरश्वसन : रुग्णाने गुडघे दुमडून उताणे निजावे, एक हात छातीवर व दुसरा पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट व खालच्या फासळ्या सर्व बाजूंनी फुगाव्यात आणि श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत ओढला जावा. आडवा उदरस्नायू व मध्यपटल यांना पुन्हा एकत्र काम करावयास लावणे, हा यामागील हेतू होय.

(२) श्रोणीचे कलन : त्याच स्थितीत श्रोणी हळूहळू पुढे-मागे कलवून कमरेची पोकळी एकदा वाढवावी व एकदा जमिनीस टेकवावी. या दोन टोकांमधील सुखावह स्थितीस मध्यम स्थिती म्हणतात. पुढील सर्व हालचालींत कणा याच स्थितीत राखावयाचा असतो.

(३) सेतू : उताण्या स्थितीत टाचा जमिनीवर दाबून नितंब उचलावेत. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेषा व्हावी. कमरेची कमान होऊ देऊ नये. यात नितंबाचे मोठे स्नायू सबळ होतात. योगातील सेतुबंधासनाशी या हालचालीचे साम्य आहे.

(४) चतुष्पाद स्थितीतील हातपाय उचलणे : हात व गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितीत यावे. प्रथम एक हात पुढे, नंतर एक पाय मागे व पुढे जमू लागल्यावर विरुद्ध बाजूंचे हात व पाय एकाच वेळी जमिनीला समांतर ताणावेत. पाठीवर ठेवलेली पाण्याची वाटी सांडू नये, इतके धड स्थिर असावे. पृष्ठस्नायूंना भरपूर काम देऊनही कण्यावर कमी दाब आणणारी ही हालचाल आहे.

(५) पार्श्वसेतू : कुशीवर निजून कोपर खांद्याखाली टेकवावे व नितंब उचलून धड सरळ रेषेत धरावे. आरंभी गुडघे दुमडून व ते टेकवून आणि पुढे पाय सरळ करून ही हालचाल करतात. भिंतीला तिरपे टेकून उभ्यानेही ती करता येते. वृद्धांना हा प्रकार सोयीचा पडतो.

(६) अल्प उत्थान : उताणे निजून एक गुडघा दुमडावा, दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत ठेवावेत व डोके आणि खांदे जमिनीपासून किंचितच उचलावेत. पाय धरून ठेवून पूर्ण उठून बसण्याच्या जुन्या व्यायामात कटिभागाच्या कण्यावर ३,००० न्यूटनांहून अधिक (सु. ३०० किग्रॅ. वजनाइतका) दाब येतो, असे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात स्ट्यूअर्ट मॅक्‌गिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मापनांवरून दिसून आले. म्हणून इजेनंतर तो वर्ज्य मानतात.

(७) नितंबसंधीतून वाकणे व बसणे-उठणे : पाठीला एक काठी अशी लावावी की, ती डोके, पाठ व त्रिकास्थी या तिन्ही ठिकाणी टेकेल. काठीचा स्पर्श न सुटता नितंब मागे नेत वाकण्याचा सराव करावा. त्यानंतर उंच आसनावरून व पुढे कमी उंचीच्या आसनावरून बसणे-उठणे आणि शेवटी हलके ओझे शरीराजवळ धरून उचलणे, असा क्रम असतो. जमिनीवर बसून जेवणे, दळणकांडण, शेतकाम यांत हीच हालचाल वारंवार लागते. म्हणून पुनःस्थापनाची खरी कसोटी या पायरीवर होते.

मात्रा व प्रगती : कटिभागाच्या बाबतीत कमाल बलापेक्षा दम अधिक महत्त्वाचा ठरतो. डेन्मार्कमधील फिन बीअरिंग-सरन्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालथे निजून, पाय स्थिर ठेवून, अधांतरी धड आडवे धरावयाचे होते. ही स्थिती ज्या पुरुषांना कमी वेळ टिकविता आली, त्यांना पुढील वर्षात प्रथमच कटिशूल होण्याचा संभव अधिक आढळला. म्हणून या हालचाली जोर लावून न करता प्रत्येक स्थिती सु. १० सेकंद धरून सोडतात व आवर्तनांची संख्या हळूहळू वाढवितात. थकव्याने धड डळमळू लागताच थांबावे. बिघडलेल्या पद्धतीने केलेले आवर्तन चुकीची सवय पक्की करते. श्वास रोखून धरू नये. त्यामुळे रक्तदाब वाढतो व श्वसन आणि स्थैर्य ही दोन्ही कामे एकाच वेळी करण्याचे मध्यपटलाचे शिक्षणही होत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत बलात होणारी वाढ स्नायूंच्या आकारमानामुळे नव्हे, तर मुख्यतः तंत्रिका तंत्राने स्नायूंचा उपयोग अधिक चांगला करून घेतल्यामुळे होते. आकारमानातील वाढ त्यानंतर प्रभावी ठरते. त्यामुळे या काळात शरीर जाड किंवा पीळदार झालेले दिसत नाही, म्हणून निराश होण्याचे कारण नसते. व्यायामानंतर वाढलेली वेदना दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपातळीवर यावी. न आल्यास मात्रा कमी करावी. पायात उतरणारी वेदना कमरेकडे आकसत असल्यास ते सुचिन्ह समजतात. ती कमरेकडून पायात अधिकाधिक खाली जात असल्यास ती हालचाल बंद करावी.

रात्रीच्या झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात व सकाळी उंची १ ते २ सेंमी. अधिक भरते. या वेळी वाकल्यास चकतीवर अधिक ताण पडतो. म्हणून उठल्यानंतर पहिला तासभर खाली वाकून केरसुणीने झाडणे, भरलेल्या कळशा उचलणे तसेच पुढे पूर्ण वाकण्याचे व्यायाम टाळणे हितावह असते. पश्चिमोत्तानासन, हलासन व सूर्यनमस्कार यांत कटिभाग पूर्ण वाकत असल्याने त्यांचा आरंभ शेवटच्या पायरीनंतर करावा.

निषेध व धोक्याची लक्षणे : पुढील लक्षणे असल्यास व्यायाम न करता तातडीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते : गुदद्वार व जननेंद्रियांभोवतीचा भाग बधिर होणे, लघवी अडणे वा तिच्यावरील ताबा जाणे, पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, ज्वर, अकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना आणि वृद्धाचे पडणे. भारतात मणक्यांचा क्षयरोग आढळत असल्याने दीर्घकाळ टिकणारी पाठदुखी व सायंकाळचा बारीक ताप यांकडे विशेष लक्ष द्यावे. अस्थिभंग, पोटाची शस्त्रक्रिया व प्रसूती यांनंतर हालचालींचा आरंभ केव्हा करावयाचा, हे वैद्य व भौतिकी चिकित्सक यांनी ठरवावयाचे असते.

परिणामकारकता व मर्यादा : खोलवरच्या विशिष्ट स्नायूंना वेगळे काढून शिकविणारी पद्धत १९९० नंतर फार लोकप्रिय झाली, परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत जुनाट कटिशूलात ती इतर व्यायामप्रकारांहून लक्षणीय श्रेष्ठ ठरली नाही. व्यायाम न करण्यापेक्षा व्यायाम करणे मात्र हितकर ठरते, असे २४९ चाचण्यांच्या दुसऱ्या कॉक्रेन समीक्षेत (२०२१) दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कटिशूलासंबंधी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नियोजित व्यायामाची शिफारस केली असून कमरपट्टा व कर्षण (कणा ताणण्याचा उपचार) यांचा नित्य वापर करू नये, असे सुचविले आहे. यावरून कोणतीही एक हालचाल रामबाण नाही, असा निष्कर्ष निघतो. रुग्णाच्या कामाशी जुळणाऱ्या, त्याला नियमितपणे करता येणाऱ्या व क्रमाने वाढविता येणाऱ्या हालचाली निवडणे हेच महत्त्वाचे ठरते. आपली पाठ आता कायमची नाजूक झाली, ही भीती स्वतःच हालचाल कमी करून दुर्बलता वाढविते. म्हणून रुग्णाचा विश्वास परत मिळविणे हेही या उपचाराचे कार्य मानले जाते.

भारतातील स्थिती : भारतात भौतिकी चिकित्सेचे औपचारिक शिक्षण मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. मुंबईतच हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ साली स्थापन झाली. मेरुरज्जूच्या इजेने अपंग झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडल्बर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मी. मुक्त शैलीच्या पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९२४ पासून स्वामी कुवलयानंद यांनी योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास चालविला. त्यामुळे आसनांचा उपचारासाठी उपयोग करण्याच्या विचारास चालना मिळाली. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाने भौतिकी चिकित्सकांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन करण्याची तरतूद केली आहे. अंगमेहनतीवर रोजची मिळकत अवलंबून असलेल्यांना दीर्घ विश्रांती परवडत नाही आणि दूरच्या रुग्णालयातील फेऱ्याही शक्य नसतात. घरातील चटईवर, साधनांवाचून, दिवसातून काही मिनिटांत करता येणाऱ्या वरील हालचालींचे महत्त्व त्यांच्या दृष्टीने अधिक आहे. मात्र वेदना थांबल्यावरही त्या काही महिने चालू ठेवणे आवश्यक असते.